३.४ निद्रा : जाणिवेची एक अवस्था

झोपेत मेंदू स्वस्थ असतो, असा सर्वसाधारण समज आहे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या संशोधनाने त्यास छेद दिला. निद्रेच्या एका अवस्थेत मिटलेल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलतात, मेंदूच्या विद्युतलहरी जागृतीतील लहरींसारख्या दिसतात. स्नायू मात्र शिथिल असतात. हीच ‘जलद नेत्रचलन निद्रा’. ठळक स्वप्ने प्रामुख्याने हिच्यातच पडतात.

निद्राचक्र सुमारे ९० मिनिटांचे असते. पूर्वरात्री गाढ निद्रा अधिक, तर उत्तररात्री जलद नेत्रचलन निद्रा अधिक असते. नोकरी सांभाळून अभ्यासासाठी तुम्ही पहाटेची झोप तोडता, तेव्हा मुख्यतः हीच निद्रा गमावता. वाचलेले स्मृतीत स्थिर होण्यास निद्रेचे साहाय्य होते. म्हणून अभ्यासाच्या वेळापत्रकात झोपेलाही स्थान द्या.