संतभूमी मंगळवेढा

पंढरीची वारी करणाऱ्या भाविकांनी आवर्जून दर्शन घ्यावे असे प्राचीन गाव म्हणजे मंगळवेढे. सोलापूर जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर आहे. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जल याची राजधानी प्रथम येथेच होती. महात्मा बसवेश्वरांनीही त्याच्या सेवेत काही काळ येथे व्यतीत केला. अक्कलकोटला जाण्यापूर्वी श्रीस्वामी समर्थांचे वास्तव्यही या गावी होते.

संत दामाजीपंत : बिदरच्या बहामनी सुलतानांच्या काळात दामाजीपंत येथील अधिकारी होते. घोर दुष्काळ पडला असता त्यांनी सरकारी कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटून दिले. या अपराधासाठी प्राणदंड समोर उभा राहिला, तेव्हा प्रत्यक्ष श्रीविठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम दरबारी भरली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ज्या काळ्या मातीतील धान्याची ही कथा, तेथील मालदांडी ज्वारी आजही प्रसिद्ध असून मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

संत कान्होपात्रा : गणिकेच्या पोटी जन्मलेल्या या कन्येने विठ्ठलभक्तीचा मार्ग धरला. बादशहाचे बोलावणे येताच तिने पंढरीनाथाच्या चरणी देह ठेवला. श्रीविठ्ठल मंदिराच्या आवारातील तरटीचे झाड तिची आठवण सांगते.

संत चोखामेळा : नामदेवांचे समकालीन असलेले चोखोबा येथे वेठीच्या कामावर होते. इ.स. १३३८ (शके १२६०) मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले व इतर मजुरांसह चोखोबा त्याखाली गाडले गेले. संत नामदेव येथे आले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला त्या चोखोबांच्या, हे त्यांनी ओळखले, असे परंपरा सांगते. त्या अस्थी पंढरपुरास नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधण्यात आली.

हयातभर चोखोबांना ज्या मंदिरात प्रवेश नव्हता, त्याचे दार त्यांच्या बांधवांसाठी पुढेही शतकानुशतके बंदच राहिले. ते उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि त्याच वर्षी मंदिर सर्वांना खुले झाले. आज महाद्वारी येणारा प्रत्येक वारकरी चोखोबांच्या समाधीपुढे नतमस्तक होऊनच आत जातो.

दर्शनक्रम : शक्य असल्यास भाविकांनी प्रथम मंगळवेढ्यास येऊन श्रीदामाजी मंदिर व चोखोबांचे स्थान पाहावे आणि मग पंढरीस जावे. भुकेल्याला अन्न देणे व कोणासही दारातून न परतविणे, हीच या भूमीची शिकवण आहे. येथून निघताना भाविकांनी ती सोबत न्यावी. अन्नदान करणाऱ्या दात्यांनी तर ती विशेषत्वाने स्मरणात ठेवावी.