ड्रेन कोरडा दिसला तर आधी नळी बघा

काल दीडशे मिली, आज पाच; म्हणजे जखम सुकत आली, असं म्हणून चार्ट भरणारे विद्यार्थी मला दर बॅचमध्ये भेटतात. त्यांना मी पेन खाली ठेवून पेशंटजवळ चला म्हणते. स्राव कमी होतो तो बहुधा टप्प्याटप्प्यानं. एका रात्रीत बंद झाला, तर नळी तुंबली आहे असंच आधी धरा.

आमच्या बिदर-कलबुर्गी पट्ट्यात हे जास्त जपावं लागतं. औराद-भालकीचा माणूस ऑपरेशनला उदगीर-लातूर गाठतो, आळंदचा सोलापूर. ड्रेसिंगला मात्र गावाजवळच्या दवाखान्यात येतो. नळी घालणारे हात एका राज्यात, सांभाळणारे दुसऱ्या.

औरादकडच्या एका शेतकरी मावशी अशाच आल्या. दुसरीकडे स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, सक्शन ड्रेनसह घरी पाठवलेलं. कार्डावर ‘ड्रेन केअर’ एवढंच, तेही इंग्रजीत. बाटली कोरडी होती आणि काखेखाली भलीमोठी सूज. दाबलं की आत पाणी हलायचं. मुलगा काकुळतीनं म्हणाला, “सिस्टर, बाटली रोज नळाच्या पाण्यानं धुऊनच लावतो की!” त्याच्या कष्टात कसूर नव्हती. पण बाटली धुवायची नसते, रिकामी केल्यावर दाबून हवा काढून मगच झाकण लावायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हवा भरलेली बाटली स्राव ओढणार कशी? त्यात नळीत रक्ताची गाठ अडकलेली. सर्जननी सुईनं पाणी काढलं, पण मावशींची पुढची केमोथेरपी लांबली.

म्हणून ड्रेन बघायचा तो कातडीपासून बाटलीपर्यंत. टाका सैल झालाय का, नळी पाठीखाली दबलीय का, बाजूनं ड्रेसिंग भिजतंय का, बाटली दबलेली आहे की फुगलेली? पिशवीचा ड्रेन असेल तर ती जखमेच्या खालीच हवी. पेशंटला फिरवताना खांद्यावर टाकलेली पिशवी मी अजूनही पाहते आणि प्रत्येक वेळी थांबवते. नळी चोळून गाठ सरकवायची का, हे सर्जनना विचारा. छातीच्या ड्रेनला तर मनानं चिमटा लावूच नका. बुडबुडे येत असताना तो बंद केला, तर अडकलेली हवा फुफ्फुस दाबते.

आकड्याइतकाच रंग महत्त्वाचा. लाल, मग फिकट गुलाबी, मग पिवळसर हा नेहमीचा क्रम. लालभडक रक्त भराभर येऊ लागलं, पोटाच्या ऑपरेशननंतर हिरवं पित्त दिसलं किंवा शौचासारखा वास आला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

ड्रेन आहे म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवा, असं नातेवाईकच नव्हे, कधी कधी आपणही म्हणतो. संसर्ग टाळण्यासाठी दिलेलं औषध केवळ ड्रेनमुळे लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्येच सांगितलं आहे. त्यापेक्षा झाकण उघडण्याआधी आणि नंतर हात धुवा.

काढायचा आदेश आला की आधी सक्शन सोडा, टाका कापा, मग ओढा. अडला तर जोर लावू नका, डॉक्टरांना बोलवा. निघाल्यावर टोक पूर्ण आलंय का ते बघून नोंद करा.

आणि डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर लिहा: कोणता ड्रेन, कुठे, टाका आहे का, शेवटच्या चोवीस तासांत किती आणि कसा स्राव. बाटली रिकामी करून पुन्हा दाबायला नातेवाइकाला तुमच्यासमोर लावा, आणि त्याला मराठी वाचता येत असेल तर सूचना मराठीतच लिहून द्या.