आजीच्या ओव्या आणि पॅनडॉक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका टायपिंगच्या दुकानातून जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप करून आणल्या होत्या. वर्डच्या फाइलीत त्या नीट दिसत. प्रकल्पासाठी साधा मजकूर हवा, म्हणून पॅनडॉक वापरले.

२००६ साली हा प्रोग्रॅम प्रथम प्रसिद्ध करणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत (कला शाखेच्या मित्रांनी नोंद घ्यावी!). कमांड लाइनवर प्रोग्रॅमचे नाव, मूळ फाइल आणि नवी फाइल, एवढी एकच ओळ लिहावयाची. पॅनडॉक आधी मजकुराचा सांगाडा करतो: हे शीर्षक, हा परिच्छेद. मग त्यावरून नवी फाइल. त्यामुळे १० प्रकारांसाठी ९० रूपांतरे लिहावी लागत नाहीत; १० वाचणारे व १० लिहिणारे भाग पुरतात.

फाइल झाली, पण ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ! दोष पॅनडॉकचा नव्हे. जुन्या फाँटांत रोमन अक्षरांवरच देवनागरीचा मुखवटा असे. साध्या मजकुरात फाँट उरत नाही, मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. मग अक्षरांचा तक्ता करून ‘सेड’ या आज्ञेने बदल केले. पहिल्या वेलांटीने फार छळले: जुन्या फाँटात ती व्यंजनाच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर!

शेवटी आजीला ओव्या वाचून दाखविल्या. तिने दोन ठिकाणी थांबविले. एक चूक माझ्या तक्त्यातली निघाली. दुसरी दुकानातल्या टायपिस्टची.