मोठ्या काचेची लेन्स घेताना

अगं, यंदा ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाला रोल घालून जायचं म्हणतेस, जरूर जा. पण हजिऱ्याच्या मंडपात मागे बसून ५० ची लेन्स लावलीस तर गवई तांदळाएवढा दिसेल. १३५ किंवा १८० लागणार, आणि तीही मोठ्या अ‍ॅपर्चरची, कारण रात्रीच्या मैफलीत ४०० चा रोल १६०० ला ढकलला तरी उजेड पुरत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीची स्वतःची लेन्स खिशाला झेपत नाही म्हणून तू व्हिविटार, टॅमरॉन, सोलिगोर शोधते आहेस. शोध की. आमच्या टोपी बाजारात सोनंनाणं असो की जुना कॅमेरा, नावावर पैसे मोजायची पद्धत नव्हती. हातातला नग बघूनच मोजायचे. या लेन्सच्या बाबतीत तर तेच धोरण ठेव, कारण एकाच नावाच्या दोन लेन्सही सारख्या निघत नाहीत.

आधी भागाकार कर. मिलिमीटरच्या आकड्याला एफच्या आकड्याने भाग. १३५ ला २.८ ने भागलंस की ४८ येतात, १८० ला २.५ ने भागलंस की ७२. पुढची काच निदान तेवढी रुंद हवीच, म्हणून टॅमरॉनच्या एसपी १८० एफ २.५ ला ७७ चा फिल्टर लागतो. वजन आणि किंमत त्याच हिशेबाने चढते. आता व्हिविटारची सीरिज वन १३५ एफ २.३ बघ. नाव मोठं आहे, लेन्सही चांगली, पण २.८ पेक्षा उजेड मिळतो तो जेमतेम अर्धा स्टॉप जास्त, म्हणजे १/६० च्या जागी फार तर १/९०. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मागितले तर सरळ उठून ये. शिवाय घरगुती बैठकीत तीन मीटरवरून १३५ च्या लेन्सला २.८ वर स्पष्ट येणारी खोली असते फक्त आठेक सेंटिमीटर. डोळे साधले की कान गेले. अ‍ॅपर्चर मोठं असल्याचा मला वाटणारा मोठा फायदा वेगळाच आहे: व्ह्यूफाइंडर उजळ राहतो आणि मधल्या दुभंगलेल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडत नाही. अंधारात फोकस तरी होतो.

व्हिविटार स्वतः लेन्स बनवत नसे, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. अमेरिकेची कंपनी, माल जपानी कारखान्यांचा. त्या काळातल्या बहुतेक लेन्सवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे कारखाना सांगतात: २२ म्हणजे किनो, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. पुढचा एक आकडा वर्षाचा, त्यापुढचे दोन आठवड्याचे. सत्तरच्या दशकातल्या लेन्सवर २८६१२ ने नंबर सुरू झाला तर ती १९७६ च्या बाराव्या आठवड्यातली कोमिनेची. वय कळलं की भाव करायला तोंड उघडतं.

मग टॉर्च. लेन्स पूर्ण उघडून मागच्या बाजूने तिरका उजेड टाक. चार धुळीचे कण दिसले तर सोडून दे, त्यांनी काही बिघडत नाही. केसासारख्या फांद्या दिसल्या तर ती बुरशी. दुधासारखी साय दिसली तर मैफलीतले दिवे पसरणार. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालेल, मागच्या काचेवरचा नको. चामड्याची जुनी पेटी फुकट मिळाली तरी लेन्स तिच्यात ठेवू नकोस. पावसाळ्यात ओल धरते.

आतल्या अ‍ॅपर्चरच्या पाकळ्यांवर तेल आलंय का, ते नीट बघ. लेन्स बॉडीला लाव, रोल नसताना मागचं झाकण उघड, अ‍ॅपर्चर १६ वर, वेग १/१००० वर ठेव आणि मागून बघत पाच-सहा वेळा शटर दाब. दर वेळी तेवढंच छोटं भोक दिसलं पाहिजे. पाकळ्या आळसावल्या असतील तर फोटो जळणार. हे डिसेंबरच्या पहाटे गच्चीत करून बघ. थंडीत ग्रीस घट्ट होतं, आणि समारोह थंडीतच असतो. दुपारच्या उन्हात फोकसची रिंग सगळ्यांचीच मऊ फिरते.

त्याच गच्चीतून किल्ला दिसतो, लांबचा फोकस त्याच्यावर तपास. फिल्मच्या रुळांवर बटर पेपरची पट्टी ताणून चिकटव, शटर बी वर उघडं धर आणि किल्ल्याच्या तटावर फोकस कर. पट्टीवर उलटा किल्ला उमटेल, तो भिंगाने तपास. शटरच्या पडद्याला मात्र बोट लागू देऊ नकोस. रिंग इन्फिनिटीच्या किंचित पुढे जात असेल तर चालतं. अलीकडेच अडकली आणि तट धूसर राहिला तर ती लेन्स नको. रोलचा पैसाही खर्च न होता निकाल लागतो.

माउंट आधी विचार. तुझी बॉडी निकॉन एफएम १०. आटे फिरवून बसवायची एम ४२ लेन्स पेंटॅक्सवर साध्या रिंगने बसते. निकॉनवर बसवलीस तर मध्ये जादा काच लागते, नाहीतर लांबचा फोकसच येत नाही. जुन्या, एआय नसलेल्या निकॉन माउंटची लेन्सही चढवू नकोस, बॉडीवरची मीटरची कळ मोडते. टॅमरॉनची माउंटची रिंग वेगळी निघते, तेवढी सोबत मागून घे.

एवढं जमलं तर एक रोल खर्च कर. १०० चा घे. ४०० च्या दाण्यात दोष लपतात. संध्याकाळी ट्रायपॉड घेऊन महाराज बाड्याच्या चौकात जा, दिव्यांचे फोटो काढ: पूर्ण उघडी, मग ४, मग ८. वहीत लिहीत जा. १/१५ च्या आसपासचे वेग टाळ, आरशाचा धक्का जाणवतो. रोल रंगीत असेल तर दिव्यांभोवती जांभळी कड दिसेल. काळ्या-पांढऱ्यात तीच नुसता धुरकटपणा म्हणून येते आणि माणसं रोलला दोष देतात.

निगेटिव्ह आली की पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरच्या चौकटी आधी बघ. ४ वर आणल्यावरच चांगली दिसणारी २.८ ची लेन्स ४ च्याच भावाने घ्यायची. विकणारा तयार नसेल तर निकॉनची जुनी १०५ एफ २.५, एआयवाली बघून, घे आणि दोन रांगा पुढे जाऊन बस.