लोक काय म्हणतील?

शाळेच्या सहलीला निघताना जुना सदरा चांगला असूनही तुम्ही नव्यासाठी हट्ट धरता. का बरे? चारचौघांत आपण उठून दिसावे म्हणून!

पण चारचौघे आपल्याकडे एवढे पाहतात का? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी एकेका विद्यार्थ्याला लाज वाटेल असे एका गायकाचे चित्र छापलेला सदरा घालून इतरांच्या खोलीत पाठविले. निम्म्या जणांनी तरी चित्र ओळखले असेल, असा त्याचा अंदाज असे. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांनीच ते ओळखले. २००० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सदऱ्याचा हट्ट स्वस्तात भागतो. लग्नातला थाटमाट मात्र शेतकऱ्याला सावकाराच्या दारी नेई. म्हणून १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात ‘गांधी लग्ने’ लावली. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळव्यासारखे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. हुंडा व मानपान यांना फाटा देऊन ही लग्ने अगदी थोड्या खर्चात होत.

यातली खुबी लक्षात घ्या. एकट्याने साधेपणा धरला तर कमीपणा वाटतो. गावाने मिळून धरला तर तुलनाच उरत नाही.

आता एक प्रयोग करा. गेल्या रविवारी तुम्ही कोणत्या रंगाचे कपडे घातले होते, हे तेव्हा भेटलेल्या मित्रांना विचारा. किती जण बरोबर सांगतील, हा अंदाज मात्र आधीच वहीत लिहून ठेवा!