स्वरयंत्र नसताना बोलायचं कसं?

कम्युनिकेशनच्या पहिल्याच लेक्चरला आपण एक ब्लॉक डायग्राम काढतो. सोर्स, ट्रान्समीटर, चॅनेल, रिसीव्हर. परीक्षेत तो आला की डोळे मिटून काढायचा आणि मार्क घ्यायचे. पण समजा, त्यातला सोर्सच काढून टाकला तर? बाकी सगळं जागच्या जागी आहे, फक्त सिग्नल जिथे तयार होतो तीच जागा रिकामी.

स्वरयंत्राचा कॅन्सर झालेल्या काही पेशंटच्या बाबतीत नेमकं हेच होतं. जीव वाचवण्यासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढावं लागतं. या ऑपरेशनला लॅरिंजेक्टॉमी म्हणतात. विडी-सिगरेट हे या कॅन्सरचं एक मोठं कारण आहे, त्यामुळे असे पेशंट आपल्याकडे कमी नाहीत. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी मी आणि माझ्या पार्टनरने हा विषय घेतला आणि वाचता वाचता त्यात अडकलोच. जे समजलं ते तुमच्यासमोर मांडते.

आवाजाचं सर्किट

फुप्फुसातून हवा वर येते आणि गळ्यातल्या दोन स्वरतंतूंना थरथरवते. पुरुषांमध्ये सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा, स्त्रियांमध्ये २०० च्या आसपास. पण इथे तयार होतो तो नुसता गुणगुणाट. त्याचे 'आ', 'ई', 'म' होतात ते घसा, जीभ, टाळू आणि ओठ यांच्यामुळे. म्हणजे स्वरतंतू हा ऑसिलेटर आणि तोंड हा फिल्टर. स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी १९६० मध्ये हा सिद्धांत पुस्तकरूपाने सविस्तर मांडला.

ऑपरेशननंतर श्वासनलिकेचं वरचं टोक मानेच्या पुढच्या बाजूला आणून तिथे कायमचं छिद्र ठेवतात. पेशंट तिथूनच श्वास घेतो. (असा माणूस बेशुद्ध पडला तर ऑक्सिजन नाकाला नाही, मानेच्या छिद्राला द्यायचा असतो. एनएसएसवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.) म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पॉवर सप्लाय शाबूत, फिल्टर शाबूत, पण ऑसिलेटर गायब आणि मधली वायर तुटलेली. स्टीफन हॉकिंग यांची केस वेगळी होती. त्यांचे स्नायूच काम करेनासे झाले होते, म्हणजे फिल्टरही गेला होता. म्हणून १९८५ च्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना कॉम्प्युटरवर शब्द निवडून बोलावं लागलं. इथे मात्र जीभ आणि ओठ तयार बसलेले असतात. त्यांना फक्त आवाज हवा असतो.

ऑसिलेटर आणायचा कुठून?

कॅन्सरसाठी पहिली संपूर्ण लॅरिंजेक्टॉमी थिओडोर बिलरोथ या सर्जनने ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात केली, असं मानलं जातं. त्या पेशंटसाठी त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी पत्ती बसवलेलं कृत्रिम स्वरयंत्र बनवलं. पेटीत हवेने पत्ती वाजते ना, तेच तत्त्व. म्हणजे हा प्रश्न ऑपरेशनइतकाच जुना आहे.

आज मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिल्यात काहीच यंत्र लागत नाही. अन्ननलिकेत हवा घ्यायची आणि ढेकर दिल्यासारखी सोडत बोलायचं. फुकट आहे, पण शिकायला महिने लागतात, सगळ्यांना जमत नाही आणि एका दमात थोडेच शब्द येतात.

दुसरा मार्ग इलेक्ट्रोलॅरिंक्स. टॉर्चएवढं यंत्र मानेला लावायचं. ते कंपनं देतं आणि आपण ओठ हलवायचे. बेल लॅबमध्ये हॅरॉल्ड बार्नी आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अशा यंत्राचं काम प्रसिद्ध केलं.

आम्ही हाच प्रकार करून बघितला. ५५५ टायमर अस्टेबल मोडमध्ये, रेझिस्टर १ किलोओहम आणि ६८ किलोओहम, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड. सूत्रात घालून बघा, उत्तर १०५ हर्ट्झच्या आसपास येईल. तो सिग्नल ट्रान्झिस्टरमार्फत एका छोट्या स्पीकरला दिला, स्पीकरच्या पडद्यावर बाटलीचं झाकण चिकटवलं आणि झाकण हनुवटीखालच्या मऊ भागाला टेकवलं. श्वास रोखून नुसते ओठ हलवले. 'आई' अगदी स्वच्छ ऐकू आलं! मग 'काय' म्हटलं, तर ऐकू आलं 'गाय'. 'तार'चं झालं 'दार'. आणि 'हो'चं नुसतं 'ओ'.

याचं कारण मला डेटाशीटमध्ये नाही, आजीने शिकवलेल्या वर्णमालेत सापडलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे क-ख-ग-घ-ङ चा तक्ता आजीनेच घरी घोकून घेतला होता. त्या तक्त्यात प्रत्येक ओळीत आधी अघोष, मग घोष अक्षरं येतात. 'क' म्हणताना स्वरतंतू क्षणभर थांबतात, 'ग' म्हणताना चालू राहतात. जीभ मात्र एकाच जागी. आपलं स्वरयंत्र हा ऑन-ऑफ इतक्या झटकन करतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. ५५५ टायमर सतत वाजत राहतो, म्हणून 'क'चा 'ग' होतो. आणि 'ह' तर थेट कंठातूनच येतो. कंठातून हवाच येत नसेल तर 'ह' कुठून येणार?

दुसरी अडचण चढ-उताराची. 'आलास.' आणि 'आलास?' यात फरक फक्त सुरांचा आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. रागावणं, विचारणं, लाडात येणं सगळं एकाच पट्टीत. बटण जास्त दाबलं की सूर चढतो अशी यंत्रंही आता मिळतात, पण ती सफाईने वापरायला सराव लागतो.

अंगठा आणि झडप

तिसरा मार्ग मला इंजिनिअरिंगच्या दृष्टीने सगळ्यात सुंदर वाटतो. अमेरिकेतले सर्जन मार्क सिंगर आणि वाचातज्ज्ञ एरिक ब्लॉम यांनी तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला छोटं भोक पाडायचं आणि त्यात सिलिकॉनची एकाच दिशेने उघडणारी झडप बसवायची. बोलताना मानेवरचं छिद्र अंगठ्याने बंद केलं की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथला वरचा भाग थरथरतो आणि आवाज निघतो. उलट दिशेने पाणी किंवा अन्न मात्र श्वासनलिकेत येत नाही. थोडक्यात, डायोड!

गंमत म्हणजे ही झडप स्वतः आवाज करतच नाही. ती फक्त तुटलेली वायर जोडते आणि शरीर स्वतःचा नवा ऑसिलेटर शोधतं. फुप्फुसाची पूर्ण हवा मिळाल्यामुळे वाक्यं लांब होतात आणि आवाज माणसासारखा वाटतो.

मग सगळ्यांनी हीच का वापरू नये? कारण झडप टिकत नाही. अन्ननलिकेत ओल आणि ऊब असते, झडपेवर बुरशी वाढते, ती नीट मिटत नाही आणि चहा पिताना खोकला येऊ लागतो. साधारण काही महिन्यांत ती बदलावी लागते, आणि ती बदलणारा प्रशिक्षित माणूस लागतो.

आमच्या ओळखीचे एक काका एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर आवाजावर काम केलेला माणूस. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समजावले. काकांनी इलेक्ट्रोलॅरिंक्स घेतला. मी कारण विचारलं तेव्हा ते यंत्र मानेला लावून म्हणाले, "याला सेल लागतात. सेल गावात मिळतात." झडपेसाठी त्यांना दर वेळी मुंबईचा प्रवास, राहणं आणि हजारो रुपये लागले असते. चांगला आवाज कुठला, हे त्यांनाही माहीत होतं. पण त्यांनी दुरुस्त होणारा आवाज निवडला. आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या कोष्टकात आम्ही फ्रिक्वेन्सी, वजन आणि करंट लिहिलं होतं. काकांशी बोलल्यावर त्यात एक रकाना वाढवला : 'कुठे मिळतं आणि कोण बदलतं'.

याच दिशेने आपल्या देशात काम झालं आहे. बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव आणि इंडस्ट्रियल इंजिनिअर शशांक महेश यांनी 'ऑम' नावाची झडप तयार केली. २०१५-१६ च्या सुमारास तिच्या बातम्या आल्या, तेव्हा परदेशी झडपेची किंमत १५ ते ३० हजार रुपये सांगितली जात होती आणि 'ऑम'ची सुमारे ५० रुपये. एक सर्जन आणि एक इंजिनिअर एकत्र बसले की काय होऊ शकतं याचं हे उदाहरण आहे.

संशोधन पुढेही चालू आहे. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या टीमने गळ्यावर चिकटवायची पट्टी दाखवली. ती स्नायूंची हालचाल ओळखून कॉम्प्युटरच्या मदतीने बोलते. प्रयोगात अचूकता ९५ टक्क्यांच्या जवळ होती, पण वाक्यं फक्त पाच! म्हणजे आपल्यासाठी काम भरपूर शिल्लक आहे. मराठीतला 'क' आणि 'ग' वेगळा ऐकवणारं स्वस्त यंत्र हा फायनल इयरचा उत्तम प्रोजेक्ट होऊ शकतो. कोणाला करायचा असेल तर आमचं सर्किट आणि रीडिंग्ज लॅबमध्ये ठेवली आहेत, जरूर घ्या.

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी एक सोपं काम. काका सांगतात की फोनवर त्यांचा आवाज ऐकून लोक मशीन समजतात आणि फोन ठेवून देतात. कधी असा एकसुरी, घूं-घूं आवाज आला तर दोन सेकंद थांबा आणि परत सांगायला सांगा. पलीकडे कोणीतरी खूप मेहनतीने बोलत असेल.