त्रुटी सापडली, आता व्याख्यानाचा प्रस्ताव कसा लिहू?

प्रश्न : मी सेनगावला राहतो, संगणकशास्त्र शिकतो. हळदीच्या आडतीवर वापरल्या जाणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये दुसऱ्याचा हिशेब दिसतो, असे लक्षात आले. गोव्याच्या ‘नलकॉन’ या सायबर सुरक्षा परिषदेत यावर बोलता येईल का?
— एक वाचक, सेनगाव

उत्तर : येईल, पण आधी अ‍ॅप बनवणाऱ्यांना लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा आणि दुरुस्ती होईपर्यंत तपशील कुठेही मांडू नका. यापुढे तपासणी स्वतःच्याच खात्यांवर करा. परवानगीशिवाय दुसऱ्याची माहिती उघडणे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 आणि 66 मध्ये बसू शकते, हेतू चांगला असला तरी धोका पत्करू नका.

प्रस्तावात ‘सुरक्षा धोक्यात’ असली मोघम वाक्ये नकोत. सर्व्हर नेमके काय तपासत नाही, ते पहिल्या दोन ओळींतच सांगा. एका अ‍ॅपमधली एक चूक व्याख्यानाला सहसा अपुरी पडते. अशा अ‍ॅपांत ही चूक का होते, ती कशी शोधावी, कशी बुजवावी, हे दाखवलेत तर विषयाला वजन येते. निवड समितीसाठी सविस्तर आराखडा द्या, कुठल्या भागाला किती मिनिटे तेही लिहा. शोध रंगतदार व्हावा म्हणून उत्तर दडवू नका, समितीला ते हवेच असते. अ‍ॅपचे नाव आणि शेतकऱ्यांचे आकडे मात्र झाका.

‘नलकॉन’ 2010 पासून भरते. तिचे मूळ सायबर सुरक्षेच्या ज्या ‘नल’ समूहात आहे, त्याच्या पुण्यातल्या खुल्या बैठकीत आधी बोलून पाहा. तिथले प्रश्न तुमचा प्रस्ताव नक्की सुधारतील.